उकिरड्यावरची लकेर

१६ जानेवारी
रक्तदाब १५२ / ९४

ही वही ओपलने आणून दिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज सकाळी आकडा लिहायचा आणि डोकं कशावरून फिरलं तेही लिहायचं. ओपल म्हणाली, "दोन वह्या आणायला हव्या होत्या, एक पुरायची नाही." बायको माझी विनोदी आहे.

आज डोकं फिरलं ते "फाळका पाड गं पोरी" नावाच्या गाण्यावरून. सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून स्टुडिओत गेलो, तर आत उन्हाळ्याचं गाणं. तसं ते दरवर्षीचंच आहे. मे महिन्यात वाजायचं तर जानेवारीत वाजवून ठेवावं लागतं. आम्ही सहाजण कानटोप्या काढतो, शेगडीपाशी हात शेकतो आणि मग ऊन, तळं, बिअर यांची गाणी वाजवतो. समोर कागद ठेवतात, त्यावर कॉर्डचे आकडे असतात. एक, पाच, सहा, चार. गेली दहा वर्षं तेच चार आकडे. हे लोक कागद तरी नवा कशाला छापतात कोण जाणे.

गाणारा डॅक्स मेरिट. वय सत्तावीस, हॅट केवढी तर छत्रीएवढी. शहराबाहेरच्या टुमदार बंगल्यात वाढला. ट्रकचा फाळका, म्हणजे मागची फळी, पाडून त्याने आयुष्यात काही चढवलं नाही, काही उतरवलं नाही. आणि गाणं काय, तर "फाळका पाड गं पोरी, पाय सोड गं गोरी, उन्हाळा आला." बास. एवढंच. हे लिहायला चार माणसं बसली होती म्हणे.

ब्रॉडी नावाचा पोरगा निर्माता आहे, पायात नुसते मोजे घालून फिरतो. मला म्हणाला, "मिस्टर व्हर्जिल, दोन ओळींच्या मधे काहीतरी जुनं, रडकं, गावंढळ टाका ना. लोकांना फिस्सकन हसू आलं पाहिजे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बेचाळीस वर्षं स्टील गिटार वाजवतोय मी या गावात, आणि आता फिस्सकन हसवायचं? म्हटलं, घे लेका. आजारी बकरी शेवटचं ओरडून आडवी होते तसं वाजवलं. वरून घसरत घसरत खाली, आणि शेवटी फुस्स. काचेपलीकडे सगळे टाळ्या पिटत उठले. "हेच! हेच पाहिजे!" ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा चालूच होता.

गाडीत येऊन बसलो तेव्हा कळलं मी काय वाजवलं ते.

१७ जानेवारी
१६० / ९८

काल लिहवेना. आज लिहितो.

परवा वाजवली, म्हणजे कालच, ती लकेर इझराची आहे. इझरा माझा थोरला भाऊ, गावी सोरवुड कोव्हला असतो. गिटार मुळात त्याची. चर्चमध्ये देवाच्या गाण्याचं कडवं संपलं की तो ती लकेर वाजवायचा, हळू, वरून खाली, आणि शेवटचा सूर पुरता वाजायच्या आतच सोडून द्यायचा. बायका डोळे पुसायच्या. सव्विसाव्या वर्षी लाकडाच्या वखारीत करवतीने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. तारा छेडायची तीच बोटं. महिन्याने त्याने गिटार माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "तू जा नॅशव्हिलला. काय वाट्टेल ते वाजव. फक्त ती लकेर कुठल्या दारूच्या गुत्त्यात वाजवू नकोस. ती घरची आहे." मी शब्द दिला.

बेचाळीस वर्षं पाळला. गुत्त्यात नाही, चर्चमध्ये नाही, घरी एकट्यानेसुद्धा नाही वाजवली. आणि काल एका मोजेवाल्या पोराला हसवायला ती बकरीसारखी ओरडून दाखवली. मी नाही केलं, हाताने केलं. पण हात कुणाचा होता?

इझरा आणि मी वर्षातून एकदा भेटतो, जूनमध्ये, फुलांच्या रविवारी. सगळं कुळ टेकडीवर जमतं, थडग्यांवरचं गवत काढतं, फुलं वाहतं आणि झाडाखाली जेवतं. तिथे त्याच्या शेजारची खुर्ची माझी असते. त्याने हे ऐकलं तर ती खुर्ची गेली. आणि त्या टेकडीवर मला दुसरं आहेच काय?

२० जानेवारी

ब्रॉडीला फोन केला. म्हटलं ती लकेर पुसून टाक, मी फुकट येऊन दुसरी वाजवतो. म्हणाला, "फुकट? मिस्टर व्हर्जिल, तब्येत बरी आहे ना? कंपनीच्या लोकांनी ऐकलीये ती, तिघंही खुर्चीतून घसरले!" मग मला वाटलं, जाऊ दे. असली पन्नास गाणी येतात, आठ दिवसांत विरतात. इझरा फक्त देवाच्या गाण्यांचं स्टेशन लावतो. त्याच्या कानावर कशाला जातंय?

७ मार्च
१५८ / ९६

काल जे पाहिलं ते कुठेतरी लिहिलंच पाहिजे, नाहीतर पोटात नासेल.

त्या गाण्याचा व्हिडिओ काढायचा होता. ब्रॉडी म्हणाला, "तुम्ही या, तुमचा चेहरा फार छान म्हातारा आहे." ओपलने ढोसून पाठवलं, म्हणाली, घरात बसून कुढण्यापेक्षा बरं. तळ्याकाठी पोचलो तर अंगातली हाडं वाजत होती. गवत पिवळं पडलेलं, म्हणून एक माणूस पाठीवर टाकी घेऊन त्यावर हिरवा रंग फवारत होता. गवताला रंग! खाली चिखल, चिखलात रंग, सगळ्यांचे बूट हिरवे.

बारा पोरी पोहण्याच्या कपड्यांत. ओठ निळे पडलेले, त्यावर लाल रंग. तोंडातून वाफ निघते आणि उन्हाळा खोटा दिसतो, म्हणून चित्रीकरणाला "घ्या" म्हटलं की प्रत्येकीच्या तोंडात बर्फाचा खडा! थंडीत कुडकुडणाऱ्या पोरींच्या तोंडात बर्फ कोंबतात, का तर उन्हाळा दिसावा. एकीला म्हटलं, "बाळ, घोंगडी घे माझी." ती म्हणाली, "नको सर, अंगावर वळ उठतात लोकरीचे." आणि हसली. हसताना तोंडातला बर्फ दाढेला लागला तिच्या, कळवळली बिचारी. शी! या धंद्याची मला शिसारी आली आहे.

डॅक्स महाराज गरम गाडीत. बोलावलं की खाली उतरायचे, ट्रकच्या फाळक्याला टेकायचे, दात दाखवायचे, परत गाडीत.

मला फुलाफुलांचा शर्ट घातला. गिटार माझी, पण तिला वायर जोडलीच नाही, नुसती वाळूत उभी केली. माझी लकेर आली की मी मान वाकडी करून रडका चेहरा करायचा, आणि त्याच क्षणी फाळक्यावर बसलेली पोरगी मागच्या मागे पाण्याच्या हौदात पडणार. धप्प! अकरा वेळा पडली ती. अकरा वेळा माझ्या कानापाशी ती लकेर वाजली. बाराव्या वेळी मी चेहरा करायचा विसरलो. ब्रॉडी ओरडला, "वा! हाच चेहरा पाहिजे होता!"

घरी आल्यावर बूट घासले. हिरवा रंग निघाला नाही.

१९ मे
१६४ / १००

गाणं विरलं नाही. पेट्रोल पंपावर वाजतंय, किराणा दुकानात वाजतंय, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना वाजतंय, तिथे तर शिवीही देता येत नाही. आणि पडायची साथ आली आहे. देशभर पोरंटोरं, आज्या, पोलीस, लग्नातले नवरा-नवरी माझी लकेर आली की मागच्या मागे पडतात आणि त्याचा व्हिडिओ टाकतात. आमच्या शेजारचा एक जण पडला तो खांदा मोडूनच उठला. मला हात करून म्हणतो, "मिस्टर व्हर्जिल, तुमच्या नावाने पडलो बरं का!" कौतुकाने!

२२ मे

इझराचा फोन आला. इझराचा! तो फोन करतो ते फक्त कुणी गेलं तर.

"काय रे," म्हणाला, "हल्ली काय वाजवतोस?"

"काही नाही. हे ते."

"हे ते म्हणजे?"

"अरे, पोटापाण्याचं. तुला नाही आवडायचं."

"बरं," म्हणाला. "मी नवा रेडिओ घेतला," म्हणाला. "सगळी स्टेशनं लागतात."

मी म्हटलं दारात कोण आलंय बघतो, आणि ठेवला. दारात कुणी नव्हतं. हे सरळसरळ मला सुनावणं झालं.

२७ मे
१६६ / १००

पुन्हा इझरा. म्हणतो, टीव्हीसुद्धा घेतला. अडुसष्ट वर्षं ज्या माणसाने घरात टीव्ही येऊ दिला नाही, सैतानाची पेटी म्हणायचा, तो टीव्ही घेतो! का? मला फुलाफुलांच्या शर्टात बघायला. पुरावा गोळा करतोय. म्हणाला, "त्या शर्टात तू अगदी मामासारखा दिसतोस." आमचा मामा तुरुंगात गेला होता.

२९ मे

इझराच्या मुलीचा, डेल्फाचा फोन. "काका, पप्पांना झालंय तरी काय? धान्याच्या दुकानात जाऊन बसतात, येईल त्याला थांबवतात, रेडिओ लावतात. माळ्यावर चढून जुन्या कॅसेटी शोधल्या. अख्ख्या चर्चला सांगून ठेवलंय, फुलांच्या रविवारी मी तुम्हाला काहीतरी ऐकवणार आहे म्हणून."

झालं. सगळ्या कुळासमोर, आईच्या थडग्यासमोर, कॅसेटवरची खरी लकेर आणि माझी बकरी शेजारी शेजारी ठेवणार तो. मला तोंडाने एक शब्द बोलणार नाही. फक्त ऐकवणार. इझराची रीतच ती.

ओपल म्हणाली, "अरे, कदाचित त्याला आनंद झाला असेल."

मी म्हटलं, "तू इझराला ओळखत नाहीस."

म्हणाली, "चाळीस वर्षं ओळखते. तूच त्याला वर्षातून एक दिवस ओळखतोस." बायकांना सगळं सोपं वाटतं.

३१ मे

गावाकडच्या साप्ताहिकातल्या एका पोरीने फोन केला. आपल्या भागाचा माणूस गाजतोय म्हणून मुलाखत. नको म्हणत होतो, मग विचार केला, बरी संधी आहे. तिने विचारलंच, "ती पडायची लकेर सुचली कुठून हो?"

मी म्हटलं, "सुचली कसली? उकिरड्यावरून उचलली. जुनं भंगार. थट्टा म्हणून वाजवलं, त्यात काही नाही. तिला ना आई ना बाप."

इझरा हे साप्ताहिक पहिल्या पानापासून जनावरांच्या जाहिरातींपर्यंत वाचतो. वाचेल आणि म्हणेल, हा काहीतरी दुसरंच वाजवतोय, आपल्याला भास झाला. डोकं लढवलं मी. आज प्रथमच बरं वाटलं.

५ जून
१४६ / ९०

बघा, आकडा उतरला. मुलाखत सोमवारी छापून आली. "उकिरड्यावरून उचलली, देशभर गाजली!" आणि माझा फोटो. इझराचा फोन नाही. परवाही नाही, कालही नाही.

आज डेल्फाशी बोललो. म्हणाली, "पप्पा म्हणतात, रविवारी काही ऐकवायचं नाही. चर्चमध्येही सांगून आले. कॅसेट कुठे टाकली कोण जाणे. रेडिओ बंद आहे, काका. जेवतही नाहीत धड."

जेवणाचं काय, उकाडा आहे. सुटलो! ओपलला सांगितलं, तर ती उठून भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती.

९ जून, फुलांचा रविवार

आकडा घेतला नाही. घ्यायची हिंमत नाही. सगळं क्रमाने लिहितो.

अकराला टेकडीवर पोचलो. डेल्फाने आईच्या थडग्यावरचं गवत आधीच काढलं होतं. ओपलने बागेतली फुलं ठेवली. झाडाखाली लाकडी फळ्यांवर पांढरे कपडे, तळलेलं चिकन, घेवडा, मक्याचा पाव, केळ्याचं पुडिंग, माश्या. माझी खुर्ची इझराच्या शेजारी होती. मला वाटलं, जिंकलो.

इझराने मला चिकनचा तुकडा वाढला. "रस्ता बरा होता?" म्हणाला. "बरा होता," मी म्हटलं. "पाऊस नाही तुमच्याकडे?" "नाही." त्याचा शर्ट गळ्यापाशी ढगळ झाला होता. ताटातलं काही हलत नव्हतं.

तेवढ्यात डेल्फाच्या पोरांनी कुंपणापाशी ट्रक लावला, फाळका पाडला आणि गाणं सोडलं. "फाळका पाड गं पोरी!" सहा पोरं फाळक्यावर रांगेत बसली. लकेर आली आणि सहाच्या सहा मागच्या मागे, ट्रकमधल्या गवताच्या भाऱ्यांवर. धप्प. खिदळणं. पुन्हा सुरुवातीपासून. आईच्या थडग्यापासून वीस पावलांवर!

माझा ताबा सुटला. ओरडलो, "बंद करा तो कचरा! लाज नाही वाटत? स्मशान आहे हे!"

पोरांनी गाणं थांबवलं. सगळं कुळ माझ्याकडे बघायला लागलं. धाकटी, असेल सातेक वर्षांची, म्हणाली, "पण आजोबा, तुमचंच आहे ना?"

"असू दे," इझरा म्हणाला. "खेळू दे त्यांना." मग त्याने बायबल उघडलं आणि त्यातून साप्ताहिकाचं कात्रण काढलं. घडी घालून घालून चार तुकडे व्हायला आलं होतं. माझ्या ताटाशेजारी ठेवलं. म्हणाला, "व्हर्ज, तू उकिरडा म्हणालास."

"अरे, ते तुझ्यासाठी," मी म्हटलं. "तुझी आहे हे कुणाला कळू नये म्हणून. मी शब्द मोडला ना. तू म्हणाला होतास, गुत्त्यात वाजवू नकोस."

"तेव्हा माझी बोटं जाऊन महिना झाला होता," इझरा म्हणाला. "तेव्हा मी कुत्र्याकडूनही शब्द घेतला असता. मला वाटलं, तू तिला आठवून वाजवलंस. मी सगळ्यांना सांगत सुटलो, आमच्या व्हर्जने तिला अख्ख्या देशाला ऐकवलं म्हणून."

"कुणाला?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अजून नऊ वर्षांचाच आहे. "आईला. लकेर माझी कुठे आहे? ती भांडी घासताना गायची. गिरणीतला कापूस छातीत बसलेला. कडव्याच्या शेवटी दम पुरायचा नाही, सूर घसरत खाली यायचा, आणि अर्ध्यातच सुटायचा. मग खोकायची. मग हसायची आपल्याकडे बघून. तुला आठवत नाही? तू टेबलाखाली बसलेला असायचास."

मला आठवत नाही. तिचे बूट आठवतात. टेबलाखालून तेवढेच दिसायचे.

"उकिरडा नव्हता तो," इझरा म्हणाला. "स्वयंपाकघर होतं."

नंतर मी सगळं ओकलो. म्हणजे शब्दांनी. मोजेवाला ब्रॉडी, फिस्सकन हसू, आजारी बकरी, सगळं सांगितलं. लपवून ठेवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. म्हटलं, "इझरा, मी थट्टाच केली. साप्ताहिकात छापलंय तेवढं खरं आहे."

पोरं लांबून बघत होती. ओपल पुडिंग वाढायचा चमचा हातात धरून उभी होती, वाढत नव्हती.

"गिटार आणलीयेस?" त्याने विचारलं.

विजेची नव्हती आणली, मांडीवरची जुनी होती गाडीत. तो उठला, ट्रकपाशी गेला, पोरांना म्हणाला, "सरका रे," आणि फाळक्यावर गिटार आडवी ठेवली. त्याच फाळक्यावर. तारांवरून घसरवायची पोलादी कांडी स्वतःच्या डाव्या हातात घेतली. मला म्हणाला, "तू तारा छेड. माझ्याकडे ती बोटं नाहीत. बाकी मी बघतो."

मी छेडत गेलो, त्याने कांडी फिरवली. हळू. इतकी हळू की मला वाटलं तो विसरला. वरून खाली येताना मधे एक जागा आहे, तिथे तो थांबला. स्टुडिओत मी ती जागा गाळली होती, मला माहीतही नव्हतं. तिथे श्वास घ्यायचा प्रयत्न आहे. मग सूर खाली आला आणि त्याने कांडी उचलली. अर्ध्यात.

कुणीही पडलं नाही.

सात वर्षांची ती पोरगी म्हणाली, "हे त्याच गाण्यासारखं आहे, पण कुणीतरी आजारी आहे."

"हो," इझरा म्हणाला. "तुझी पणजी."

मी रडलो. त्रेसष्ट वर्षांचा घोडा, चिकनच्या हाताने डोळे पुसले आणि डोळ्यांत तिखट गेलं. इझरा म्हणाला, "पुन्हा. तू घाई करतोयस. तू लहानपणापासून घाई करतोस."

आम्ही सात-आठ वेळा वाजवली. मग त्याने दोन वेळा पुडिंग घेतलं. मी माफी मागितली, तर म्हणाला, "मला काय सांगतोस? मी तुला ओळखतो. ज्या लोकांनी ते वाचलं, त्यांना सांग."

१० जून
१५६ / ९६

काही उतरत-बितरत नाही आकडा. सकाळी ब्रॉडीचा फोन. "मिस्टर व्हर्जिल, पानगळीचं गाणं करतोय, भोपळे, शेकोटी वगैरे. तीच पडायची लकेर द्या ना, या वेळी पोरगी भोपळ्यांच्या ढिगात पडेल." त्याला जे बोललो ते ओपल वहीत लिहू देत नाही. काम गेलं असावं. डॅक्स मेरिटची अजूनही मला किळस येते, रंगवलेल्या गवताचीही, आणि त्या फुलाफुलांच्या शर्टातल्या म्हाताऱ्याची सगळ्यात जास्त.

मग साप्ताहिकातल्या त्या पोरीला फोन लावला. म्हटलं, "बाई, माझ्या मुलाखतीत चूक आहे. दुरुस्ती छापा."

ती घाबरली. "मी तुमचेच शब्द लिहिले होते हो. ध्वनिमुद्रण आहे माझ्याकडे."

"तुमची नाही, माझी चूक. उकिरडा काढा."

"काढून काय घालू?"

"स्वयंपाकघर."

लिहून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आणि ते शेवटचं वाक्य? तिला ना आई ना बाप?"

"तेही काढा."

"बरं. पण स्वयंपाकघर कुणाचं, ते लिहावं लागेल. वाचक विचारतील."

मी सांगितलं. हेस्टर प्रुइट, सोरवुड कोव्ह, सूतगिरणीत अठरा वर्षं. ती म्हणाली, "जरा हळू सांगा, लिहिते आहे." मग मी पुन्हा सांगितलं, हळू.